दात पुढे की हनुवटी मागे?

आमच्या माहेरच्या घराण्यात तीन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत. जिंतूरजवळची कोरडवाहू जमीन, पंचविशीतच पिकणारे केस आणि पुढे आलेले दात. जमिनीच्या वाटण्या झाल्या, केसांना मेंदी लागली, दातांचं मात्र कुणी काही केलं नाही. आजीचे होते, बाबांचे होते, दोन आत्यांचे होते, माझे होते. धाकटी आत्या तर हसताना अजूनही पदर तोंडाशी नेते. (आत्या, हे वाचत असलीस तर रागावू नकोस, तुझ्यासाठीच लिहितेय.)

शाळेत मला 'किसणी' म्हणायचे. खोबरं किसायची किसणी. आता त्याचं काही वाटत नाही. पण सहावीत असताना लेक एकदा शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि विचारलं, "आई, मला सशी का म्हणतात?" तेव्हा मात्र पोटात कालवलं. जमिनीतला वाटा मिळायच्या आधी हा वाटा तिला मिळाला होता.

तर मंडळी, आज दातांविषयी. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आम्ही राहतो सेलूला. परभणीत पाथरी रस्त्याला दंत महाविद्यालय आहे, गावोगावचे लोक तिथे जातात. आम्हाला मात्र स्टेशनपासून चालत जाता येईल असे एक तार लावणारे डॉक्टर कुणीतरी सुचवले. रेल्वेने जायचं, काम उरकायचं, दुपारच्या गाडीने परत. मे 2022 ची गोष्ट. सहावीची परीक्षा संपलेली, परभणीतलं ऊन नेहमीसारखं, डोक्याला ओला पंचा बांधून माणसं फिरत होती.

डॉक्टरांनी लेकीला खुर्चीवर न बसवता आधी उभं केलं आणि बाजूने पाहिलं. मग मला म्हणाले, "ताई, तुम्ही पण जरा बाजूने पाहा. तिचे दात पुढे आहेत का, की हनुवटी मागे आहे?"

मी तिच्या जन्मापासून तिला समोरून पाहत आले होते. आई लेकराला समोरूनच पाहते ना! बाजूने पाहिलं आणि माझं मलाच नवल वाटलं. कपाळापासून वरच्या ओठापर्यंत सगळं जागच्या जागी होतं. खालचा जबडाच दोन पावलं मागे राहिलेला. ज्याला आम्ही तीन पिढ्या 'दात पुढे आलेत' म्हणत होतो, त्यात दात थोडेसे पुढे होते आणि जबडा बराच मागे. खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे जाऊन अडकायचा आणि तो त्या दातांना आणखी पुढे ढकलायचा. म्हणजे घरचाच भेदी.

सासूबाईंचं ठाम मत होतं की हे सगळं अंगठा चोखल्याने झालं. डॉक्टर म्हणाले, अंगठ्याने दात पुढे येतात हे खरंच आहे, पण असा जबडा बहुतेक वेळा वारशाने येतो. आणि माझ्याकडे पाहून गप्प बसले. सज्जन माणूस.

वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांमधलं आडवं अंतर त्यांनी पट्टीने मोजलं. 9 मिलिमीटर. साधारण 2-3 असायला हवं. मग कवटीचा बाजूने एक्सरे काढला. या एक्सरेची पद्धत 1931 साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी स्वतंत्रपणे मांडली. डोकं एका चौकटीत स्थिर धरायचं, म्हणजे आज काढलेला आणि दोन वर्षांनी काढलेला फोटो एकावर एक ठेवून नक्की काय हललं ते पाहता येतं. पातळ कागदावर पेन्सिलीने रेघा ओढून त्यांनी वरचा जबडा, खालचा जबडा, दोघांमधला कोन दाखवला. तो कोन 2 अंशांच्या आसपास असतो. आमचा 7.

नंतर त्यांनी एक प्रश्न विचारला, तेव्हा आमचे 'हे' भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. "पाळी सुरू झालीय का?" नव्हती झाली. डॉक्टरांचा चेहरा खुलला. मुली वयात येताना एक-दोन वर्षं भराभर उंच होतात, त्याच सुमारास खालचा जबडाही वाढीचा वेग घेतो. मुलींमध्ये हे आधी, मुलांमध्ये साधारण दोन वर्षं उशिरा. पाळी येते तोवर वेगाचा वरचा टप्पा बहुधा उलटून गेलेला असतो. त्याच एक्सरेत मानेचे मणकेही दिसतात. त्यांच्या आकारावरून वाढ किती झाली, किती बाकी आहे याचा अंदाज बांधतात. मृग बरसला की पेरणी, तसं आहे हे. नक्षत्र निघून गेलं की बियाणं कितीही भारी असू द्या.

माझं नक्षत्र केव्हाच निघून गेलेलं होतं. 1999 साली एम.ए. करताना, तेव्हाच्या औरंगाबादेत, मी तारा लावून घेतल्या. वाढ थांबलेली, त्यामुळे वरच्या दोन उपदाढा काढल्या आणि त्या मोकळ्या जागेत पुढचे दात मागे ओढले. दोन वर्षं लागली. दात आत गेले, हनुवटी आहे तिथेच राहिली. माझी काही तक्रार नाही, लग्नाचे फोटो चांगले आले. पण लेकीच्या वेळी डॉक्टर म्हणाले की वाढ अजून बाकी आहे, तिचा उपयोग करून पाहू, तेव्हा माझ्या मनात लगेच एक चित्र उभं राहिलं. हिची हनुवटी पुढे येणार, आमच्या घराण्यातली पहिली हनुवटी! माझा सगळा जीव त्या हनुवटीत अडकला.

त्यांनी जे दिलं त्याचं नाव ट्विन ब्लॉक. गुलाबी प्लास्टिकच्या दोन पट्ट्या, एक वर, एक खाली, तारेच्या आकड्यांनी दाढांना धरून बसणाऱ्या. दोन्हींवर दाढांच्या जागी ठोकळे, आणि ठोकळ्यांना सत्तर अंशांचा उतार. तोंड मिटलं की खालचा ठोकळा वरच्याच्या उतारावरून घसरतो आणि जबडा पुढे येऊनच मिटतो. मागे मिटायची सोयच नाही. त्यात स्प्रिंग नाही, रबर नाही. जोर लावतात ते आपलेच स्नायू, गिळताना, चावताना, बोलताना.

हे स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी 1977 साली पहिल्यांदा वापरलं. त्यांच्या एका दंतवैद्य मित्राचा मुलगा पडला आणि त्याचा पुढचा दात निखळला. दात परत बसवला, पण दात पुढे, जबडा मागे आणि खालचा ओठ नेमका त्या बसवलेल्या दाताच्या मागे जाऊन अडकायचा. मग तो टिकणार कसा? तेव्हा जबडाच पुढे धरून ठेवणारं असं काहीतरी करावं लागलं, जे मुलगा दिवसभर तोंडात ठेवू शकेल. त्याही आधीची गोष्ट मला जास्त आवडते. 1908 साली डेन्मार्कमध्ये विगो आंद्रेसेन नावाच्या दंतवैद्याने आपल्या मुलीच्या तारा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी काढल्या आणि रात्री घालायला एक सैलसर पट्टी करून दिली, खालचा जबडा पुढे घ्यायला लावणारी. सुट्टी संपवून मुलगी परत आली तर जबडे नीट जुळलेले! त्यातून पुढे अ‍ॅक्टिव्हेटर नावाचं उपकरण आलं. वडिलांनी लेकीसाठी केलेलं जुगाड, दुसरं काय.

आता प्रत्यक्ष काय झालं ते सांगते, कारण माहितीपत्रकात ते नसतं.

पहिले चार दिवस लाळ. उशी ओली, वही ओली. बोलणं तर विचारू नका. 'स' आणि 'श' गायब, 'सेलू' म्हणायला गेली की वाफ सोडल्यासारखा आवाज. सासूबाई घाबरल्या. "अगं पोरगी बोबडी बोलू लालीय की! चांगल्या लेकराला काय करून आणलंस?" मी रोज संध्याकाळी तिला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला बसवलं. दहा-बारा दिवसांत जीभ वळली.

खाणं हा खरा पेच. हे जेवतानाही काढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, कारण चावतानाच स्नायू सगळ्यात जास्त काम करतात. इडली-डोसा खाणाऱ्यांना सोपं असेल. आमच्याकडे ज्वारीची भाकरी! तीही कडक पापुद्र्याची. पहिल्या दिवशी तिने तुकडा मोडला, तोंडात घातला, दोन मिनिटं चघळला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग भाकरी वरणात कुस्करून, दुधात कुस्करून, ताकात कुस्करून. महिनाभरात बाईसाहेब पिठलं-भाकरी नीट खायला लागल्या. जानेवारीत हुरडा निघाला तेव्हा तर शेतात आमच्यापेक्षा तिचाच हुरडा जास्त संपला. पट्टीत अडकलेले दाणे काढायला एक बारका ब्रश मात्र खिशात असायचा.

गरम पाण्यात धुवायचं नाही, प्लास्टिक वाकतं. हे मी घरात सगळ्यांना सांगितलं तरी मोठ्या जाऊबाईंनी एकदा ते उकळायला ठेवायची तयारी केलीच, बाळाच्या बाटलीसारखं. वेळेवर पाहिलं म्हणून वाचलं.

आणि गंगाखेडचं लग्न! चुलत दिराच्या मुलीचं. पाहुण्यांपुढे लाज वाटली म्हणून लेकीने पट्ट्या काढल्या, कागदी रुमालात गुंडाळल्या आणि पत्रावळीशेजारी ठेवल्या. पंगत उठली, वाढप्यांनी सगळं गुंडाळलं आणि मांडवामागे नेऊन टाकलं. लक्षात आलं तेव्हा पुढची पंगत बसत होती. नवी साडी नेसलेली मी, जरीच्या फेट्यातले तिचे बाबा आणि नवरीचा मामा असे तिघं उष्ट्या पत्रावळ्यांच्या ढिगात काठीने शोधत होतो. दोन गाई आमच्याकडे संशयाने बघत उभ्या. सापडल्या एकदाच्या! मामांनी हात वर करून अशी आरोळी ठोकली, की वऱ्हाडाला वाटलं मंगळसूत्रच हरवलं होतं. त्यानंतर तिने पट्ट्या कुणासमोर काढल्या नाहीत. लाजेपेक्षा ती शोधाशोध जास्त लाजिरवाणी होती, असं तिचं म्हणणं.

दोन-अडीच महिन्यांनी एक मजेशीर गोष्ट घडली. सकाळी दात घासायला तिने पट्ट्या काढल्या आणि आरशात पाहून ओरडली, "आई, जबडा मागे जातच नाही!" खरंच जाईना. पूर्वी जिथे मिटायचा तिथे नेताना कानापुढे दुखायचं. मला वाटलं, झालं! वाढला जबडा! मी आनंदाने डॉक्टरांना फोन केला. ते हसले. म्हणाले, "ही स्नायूंची सवय आहे. जबडा वाढायला इतके दिवस पुरत नाहीत." शिवाय पुढे बसवलेला जबडा पट्टी लवकर सोडली तर परत मागे घसरतो. काही मुलं नुसतीच जबडा पुढे धरून हिंडतात, त्यामुळे डॉक्टर दर वेळी तिला सैल सोडायला लावून हाताने जबडा मागे ढकलून पाहायचे.

दर महिन्याला गाडी पकडायची. सेलू, मानवत रोड, परभणी. वरच्या पट्टीत एक बारीक स्क्रू होता, त्याची चावी आठवड्यातून एकदा मी फिरवायची. जबडा पुढे आल्यावर वरची कमान त्याला अरुंद पडू नये म्हणून. पुढे पट्ट्या काढल्या की पुढचे दात जुळलेले पण दाढा एकमेकींना टेकतच नाहीत असं दिसायला लागलं. मी पुन्हा घाबरले. त्यावर डॉक्टर वरचे ठोकळे थोडे थोडे घासत गेले आणि खालच्या दाढांनी सावकाश वर येऊन ती फट भरली. ते पाहताना मला फार नवल वाटलं. दात म्हणजे खिळा ठोकल्यासारखा, असंच मी समजत होते. तो तर जागा मिळाली की सरकतो.

दहा महिन्यांनी 9 चे 3 मिलिमीटर झाले होते. पुन्हा एक्सरे, पुन्हा पातळ कागद. जुन्या रेघा काळ्या, नव्या लाल. मी चष्मा काढून जवळ वाकले, माझी हनुवटी शोधायला.

म्हणजे तिची.

लाल रेघ पुढे होती. पण किती? डॉक्टरांनी पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. सहा मिलिमीटर कमी झाले, त्यातले जेमतेम दोन जबड्यामुळे. बाकीचे चार दातांमुळे. वरचे पटाशीचे दात मागे कलले होते, खालचे पुढे कलले होते, खालच्या दाढा पुढे सरकल्या होत्या. चेहऱ्याचा खालचा भाग उंचीला थोडा वाढला होता. कोन 7 वरून 5 वर. "आणि हे दोनसुद्धा," ते म्हणाले, "पट्टीमुळे किती आणि तिच्या वयामुळे किती, मी छातीठोक सांगणार नाही. पट्टी न लावलेली हीच मुलगी माझ्याकडे नाही ना तुलनेला."

हे वाक्य मला फार प्रामाणिक वाटलं. घरी येऊन मी वाचायला घेतलं. (एम.ए. मराठी असलं म्हणून काय झालं!) इंग्लंडमध्ये केविन ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 8 ते 10 वर्षांची 174 मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवून निम्म्यांना ट्विन ब्लॉक दिला, बाकीच्यांना थांबवलं. 2003 साली निष्कर्ष छापले. दातांमधलं अंतर भरपूर कमी झालं, पण त्यातला बहुतेक बदल दातांचा, जबड्याचा थोडाच. आणि 2009 मध्ये तीच मुलं मोठी झाल्यावर पाहिलं तर लवकर सुरू केलेल्यांना उशिरा सुरू केलेल्यांपेक्षा शेवटी काही खास जास्त मिळालं नव्हतं. दोन फायदे मात्र दिसले. त्याच अभ्यासात लवकर उपचार घेतलेल्या मुलांना चिडवणं, हिणवणं कमी सोसावं लागलं आणि स्वतःविषयी बरं वाटायला लागलं. दुसरा फायदा नंतरच्या एकत्रित आढाव्यांतला. लवकर उपचार झालेल्या मुलांचे पुढचे दात पडून-आपटून मोडण्याचं प्रमाण कमी. अंतर 3 मिलिमीटरपेक्षा जास्त असलं की पुढच्या दातांना इजा व्हायचा धोका जवळजवळ दुप्पट धरतात. क्लार्क यांच्या मित्राच्या मुलाचं तेच तर झालं होतं.

खरं सांगू? दोन दिवस मी नाराज होते. इतकी लाळ, इतकी भाकरी कुस्करून, गंगाखेडचा उकिरडा, आणि हनुवटी म्हणाल तर दोन मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी! आमच्या घराण्याची हनुवटी काही बदलली नव्हती.

मग एका रात्री, वीज गेलेली, गच्चीवर सगळे झोपलो होतो. मला जाग आली. चांदणं होतं. लेक उताणी झोपली होती आणि तिचे ओठ मिटलेले होते. बारा वर्षं मी तिला तोंड उघडं टाकूनच झोपलेली पाहिलं होतं. बाबा तसेच झोपायचे, आत्या तशीच झोपते. खालचा ओठ आता वरच्या दातांच्या मागे नव्हता, पुढे होता, वरच्या ओठाला टेकून. एक्सरेवर मी सगळं लक्ष हाडाच्या रेघेकडे दिलं होतं. ओठांचीही एक पुसट रेघ त्यात असते, ती मी पाहिलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी काढून पाहिली, उजेडाकडे धरून. काळी रेघ उघडी, लाल रेघ मिटलेली.

दोन मिलिमीटर हाड आणि चार मिलिमीटर दात मिळून जे होतं, त्याला तो जबडा आणि हे दात असं वेगळं करून फक्त डॉक्टर पाहतात. आणि मी पाहत होते, कारण मला माझा जुना हिशोब चुकता करायचा होता. लेकीला तसलं काही नव्हतं. तिला सशी म्हणणं बंद झालं होतं, एवढं तिला पुरलं. सातवीच्या स्नेहसंमेलनात ती नाटकात होती, पट्ट्या तोंडात ठेवूनच. तिसऱ्या रांगेत 'स' जरा ओला ऐकू येत होता. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढची गोष्ट थोडक्यात. काही महिने फक्त रात्री पट्ट्या, मग साध्या तारा दीडेक वर्ष, कारण वाकडेतिकडे दात सरळ करणं ट्विन ब्लॉकचं काम नव्हे. 2025 मध्ये तारा निघाल्या. आता रात्री रिटेनर, आणि तो बरीच वर्षं. वय वाढेल तसे दात थोडेफार सरकतातच, त्यामुळे 3 चे पुन्हा 4 होणारच नाहीत असं लिहून द्यायला डॉक्टर तयार नाहीत. मीही मागितलं नाही. आत्या तिला पाहून म्हणाली, "चेहराच बदलला गं पोरीचा." मी मिलिमीटरचा हिशोब सांगायला तोंड उघडलं होतं, मग राहू दिलं.

आता धाकट्याची पाळी. नऊ वर्षांचा आहे, जबडा हुबेहूब आजोबांचा. मागच्या महिन्यात त्याला दाखवून आणलं. 8 मिलिमीटर. मी आपली पर्स उघडून तयार. डॉक्टर म्हणाले, मुलगा आहे, वाढीला अजून वेळ आहे, बारा-तेराला या. वर्गात चिडवतात का, त्याला त्याचं काही वाटतं का, ते तेवढं लक्षात ठेवा, तसं असेल तर आधीही करता येईल. त्याला विचारलं तर म्हणाला, चिडवत नाहीत, तो चांगली बॉलिंग टाकतो. तोवर क्रिकेट खेळताना दातांवर रबरी गार्ड घालायचं. ते त्याने घेतलं, हिरवं. आणि ताईची ती गुलाबी पट्टी डबीतून काढून रोज एकदा तरी आरशासमोर तोंडाला लावून बघतो. काल ती त्याला समजावत होती, "आधी भाकरीचा पापुद्रा काढून टाकायचा, मधलाच भाग खायचा. पहिल्या दिवशी आमटीत भिजव, दुधात नको, दूध प्लास्टिकला वास मारतं."